प्रागर श्ट्रासवरची कॅसेट

१

कपाटाचं दार सताड उघडं होतं, किल्ली कुलपातच होती आणि कॅसेट नव्हती.

कबीर गुडघ्यांवर बसून खालचा खण हाताने चाचपत होता. "निशीताई, सकाळी मी स्वतः ठेवली होती. ह्याच डब्यात."

डबा होता. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आत मऊ फडकं. फडक्यावर कॅसेटचा चौकोनी ठसा अजून दिसत होता.

माझ्यामागे सासूबाई धापा टाकत उभ्या होत्या. पुलावर रुळांचं काम निघाल्यामुळे सोमवारपासून इथल्या रस्त्यावरची ट्राम बंद होती. त्याऐवजी सोडलेली बस पलीकडच्या रस्त्याने जाते आणि भलतीकडेच उतरवते. एवढं चालून आल्यावर दुसऱ्या कोणी आधी खुर्ची मागितली असती. सासूबाई म्हणाल्या, "कबीर, ऊठ. आता कोणी कशालाही हात लावू नका."

तो आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. कबीर शाळकरी मुलासारखा उठून उभा राहिला.

आमचं स्टेशन म्हणजे रेडिओ उफर. उफर म्हणजे काठ. ड्रेस्डेनमध्ये एल्ब नदीजवळ एका जुन्या छापखान्याचे दोन मजले आमच्याकडे आहेत आणि पगार कोणालाच नाही. कोणी जॅझ लावतं, कोणी बागकाम शिकवतं, व्हिएतनामी बायका रविवारी स्वयंपाक सांगतात, टेक्निकल युनिव्हर्सिटीची पोरं रात्रभर काहीतरी धडामधुडुम वाजवतात. मंगळवारी संध्याकाळी माझा मराठी तास असतो. चिपच्या कारखान्यांतले आमचे इंजिनियर तो घरी जाताना गाडीत ऐकतात, आणि मला नंतर कळलं, की एक अक्षर न समजणारे कितीतरी जर्मनही ऐकतात.

पण त्या आठवड्यात सगळं शहर आमच्याकडे कान लावून बसणार होतं, ते त्या कॅसेटमुळे.

ती पद्माकर खानोलकरांची. पद्माकरकाका ऐंशीच्या दशकात पूर्व जर्मनीत मशीन इंजिनियरिंग शिकायला आले आणि इथलेच झाले. १९८९च्या ऑक्टोबरात, आठ तारखेच्या संध्याकाळी, प्रागर श्ट्रास ह्या रस्त्यावर लोकांनी सरकारविरुद्ध मोर्चा काढला, पोलिसांनी त्यांना घेरलं, आणि गोळी न झाडता बोलणी सुरू झाली. इथली माणसं ती संध्याकाळ अजून जपून ठेवतात. त्या गर्दीत पद्माकरकाका कोटाच्या आत टेपरेकॉर्डर लपवून उभे होते आणि दिसेल ते कुजबुजत रेकॉर्ड करत होते. मराठीत. पकडलं गेलं तरी कोणाला काही कळू नये म्हणून.

यंदा त्यांनी घर बदललं तेव्हा केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या खोक्यात ती कॅसेट निघाली. एक संग्रहालय मागे लागलं होतं. काकांनी अट घातली: आधी रेडिओवर, सगळ्यांनी एकदम ऐकायची. मग कुठेही ठेवा. शनिवारी, आठ ऑक्टोबरच्या संध्याकाळी आम्ही ती लावणार होतो.

हा गुरुवार होता.

जिन्यावर पावलं वाजली. पद्माकरकाका वर आले, उघड्या कपाटाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "गेली ना? मला वाटलंच होतं."

२

"तुम्हाला का वाटलं?" सासूबाईंनी विचारलं.

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ओळख करून दिली. "ह्या माझ्या सासूबाई, यमुना देवस्थळी. पुण्याहून आल्यात. सरकारी न्यायवैद्यक प्रयोगशाळेत ध्वनी विभाग सांभाळत होत्या. खंडणीचे फोन, धमक्यांच्या टेप, कोणाचा आवाज कोणाचा, ते कोर्टात सांगायच्या."

"अरे वा!" काका म्हणाले. त्यांची मराठी ते देश सोडून आले त्या वर्षातच थांबलेली आहे. "बाईसाहेब, मला वाटलं म्हणजे, इतकी वर्षं जी वस्तू कोणाला नको होती ती एकदम सगळ्यांना हवीशी झाली. अशा वस्तूला पाय फुटतात."

"सकाळी तुम्ही इथे आला होता?"

"आलो होतो. आत कोणी दिसलं नाही. योर्गच्या स्टुडिओवर लाल दिवा होता. मग नदीवर चक्कर मारून आलो."

कबीरने डोकं धरलं होतं. तो नगरचा, इथे एमएस करतो आणि आमची सगळी यंत्रं तोच जिवंत ठेवतो. "मी पार्सल आणायला गेलो होतो, मावशी. कॅसेटमधली टेप दाबून धरणारी फेल्टची गादी निघालीये. ती बदलल्याशिवाय पूर्ण वाजवायची नव्हती. ऊन होतं म्हणून जॅकेट इथेच खुंटीवर टाकून गेलो. किल्ली जॅकेटात होती."

"एकच किल्ली?"

"एकच."

"आणि कॅसेटची प्रत?"

"नाही. सुरुवातीचा तुकडा फक्त काढला होता, जाहिरातीसाठी. तो दोन आठवडे रेडिओवर चाललाय."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून फ्राऊ हार्टुंग आल्या. त्या संग्रहालयाच्या. पद्माकरकाकांना गाठून कॅसेट थेट संग्रहालयाला द्यायला लावायची, म्हणून त्या सकाळपासून कॉफी पीत बसल्या होत्या. मध्ये त्या फोनवर बोलायला अंगणात गेल्या होत्या, असं त्यांनीच सांगितलं. उघडं कपाट बघून त्यांचा चेहरा लाल झाला.

"मी सांगत होते! अशी वस्तू बिस्किटांच्या डब्यात ठेवतात? किल्ली कोणाकडे होती?"

 सगळ्यांची नजर आपोआप कबीरकडे गेली.

वरच्या मजल्यावर स्टुडिओचा लाल दिवा विझला. योर्ग वेंडलर खाली येत होता.

३

योर्ग म्हणजे रेडिओ उफर. त्याने तो उभा केला, वाढवला आणि कितीदा बंद पडता पडता वाचवला. उंच, पांढऱ्या केसांची शेंडी, आवाज असा की बाजारात भाजीवाला त्याला बघून नाही, ऐकून ओळखतो. दर गुरुवारी सकाळी त्याचा दोन तासांचा थेट कार्यक्रम असतो. दर वर्षी ऑक्टोबरात तो शाळांमध्ये जाऊन मुलांना सांगतो, त्या संध्याकाळी आम्ही प्रागर श्ट्रासवर कसे बसलो होतो. मुलं टाळ्या वाजवतात. मीही एकदा वाजवल्या आहेत.

त्याने ऐकलं आणि जिन्याच्या कठड्याला धरून उभा राहिला.

"मी पोलिसांना बोलावते," फ्राऊ हार्टुंग म्हणाल्या.

"नको," योर्ग म्हणाला. "पोलीस नको. आपल्यातलंच कोणीतरी असेल. परत येईल ती."

"मग किमान ह्या मुलाकडच्या किल्ल्या तरी काढून घ्या."

योर्गने कबीरकडे पाहिलं. मग म्हणाला, "कबीर, आल्झो… म्हणजे, दोन दिवस. फक्त हे मिटेपर्यंत."

कबीरने जुडगा काढून टेबलावर ठेवला.  मला ठाऊक होतं तो काय विचार करत होता. परक्या देशात चोरीचा आळ, कॉलेजात बातमी, नगरला आईच्या कानावर जाणारी गोष्ट. मी काही बोलणार तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या कोपराला हात लावला.

"त्याला विचार," त्या म्हणाल्या, "आज कार्यक्रमात फोन का नाही घेतले?"

मी योर्गला विचारलं. त्याने भुवया उंचावल्या. "तुझ्या सासूबाईंना जर्मन येतं?"

"नाही. पण त्या स्वयंपाकघरात रोज रेडिओ लावून बसतात. तू गुरुवारी पहिल्या तासापासूनच लोकांचे फोन घेतोस हे त्यांना माहीत आहे. आज घेतले नाहीस."

"आज विषय लांबला," योर्ग म्हणाला. "गेनाऊ, तेच झालं. वेळच उरला नाही."

मी भाषांतर केलं. सासूबाईंनी मान हलवली, जणू एवढंच हवं होतं. मग त्यांनी फ्राऊ हार्टुंगना विचारलं, फोन किती वेळ चालला. फ्राऊ हार्टुंगनी तिरसटपणे मोबाइलच पुढे केला. बराच वेळ चालला होता, म्हणजे तेवढा वेळ खाली कपाटापाशी कोणीच नव्हतं.

बाहेर पडल्यावर मी म्हणाले, "आई, बोलण्यावरून कळतं का हो तुम्हाला, कोण खोटं बोलतंय ते?"

"ते सिनेमात. मी कधी कोर्टात असलं काही बोलले नाही, बोलणाऱ्यांना झापलं मात्र आहे." बसच्या थांब्यापाशी त्या बाकावर टेकल्या. मग म्हणाल्या, "पण आज सकाळी भाजी चिरताना मी ऐकत होते ना, त्यात काहीतरी नको ते होतं. काय, ते सापडत नाहीये. ते सापडलं की चोर सापडला."

४

त्या संध्याकाळी आमच्या घरी फोन थांबेनात. इथल्या मराठी मंडळातल्या कोणीतरी कोणालातरी सांगितलं होतं. "कबीरने केलं म्हणे?" असं तिसऱ्या माणसाने विचारल्यावर माझा नवरा प्रताप फोनवरच तडकला, "कोण म्हणे? नाव सांगा." पलीकडच्याने फोन ठेवून दिला.

सासूबाई जेवणाच्या टेबलाशी माझ्या लॅपटॉपवर तो जाहिरातीचा तुकडा पुन्हा पुन्हा लावत होत्या. आधी गर्दीचा घोगरा समुद्र. कुठेतरी एक बाई गात होती. मग अगदी माइकजवळ तरुण पद्माकरकाकांची कुजबुज:

"मी पद्माकर. प्रागर श्ट्रासवर उभा आहे. पुढे पोलीस, ढाली. लोक खाली बसतायत. मीही बसतो. भीती वाटत्ये, पण हात थरथरू देत नाही, मशीन हलेल. योर्ग—"

तिथे तुकडा संपत होता.

"हे योर्गचं नाव का?"

"हो. कबीरने मुद्दामच तिथे तोडलं असणार. काका आणि योर्ग जुने मित्र, एकाच वसतिगृहात राहायचे. ऐकणाऱ्याला वाटावं, पुढे काय?"

"जर्मन माणसाला ह्यातलं काय कळेल?"

"काही नाही. प्रागर श्ट्रास. आणि योर्ग."

सासूबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "दोन आठवडे त्या माणसाला रोज न कळणाऱ्या भाषेत आपलं नाव ऐकू येतंय. पुढे काय म्हटलंय ते माहीत नाही."

"आई, योर्ग स्टुडिओत होता. सगळ्या शहराने त्याला ऐकलं."

"शहराने त्याचा आवाज ऐकला," त्या म्हणाल्या.

आमची अन्वी गृहपाठ करत होती. तिने मान वर न करता जर्मनमध्ये विचारलं, उद्या शाळेत कसं जायचं, ट्राम सुरू झाली का. प्रताप म्हणाला, "नाही गं, महिनाभर बंद. बाबा सोडेल."

सासूबाई एकदम उभ्या राहिल्या. खुर्ची मागे पडता पडता राहिली.

"निशिगंधा, काय विचारलं तिने?"

मी सांगितलं.

"उद्या सकाळी मला तुमच्या रेडिओवर ने. कबीरला बोलाव. आणि चांगले हेडफोन असू देत."

५

इथला नियम आहे, स्टेशनवरून जे जाईल त्याची नोंद काही काळ जपून ठेवायची. त्यामुळे आमच्या संगणकात प्रत्येक कार्यक्रम जसाच्या तसा असतो. शुक्रवारी सकाळी कबीर माझ्या किल्लीने आत आला, चोरासारखा भिंतीकडेने. सासूबाईंनी त्याला बाजूच्या खुर्चीवर बसवलं.

"आधी मागच्या गुरुवारचा योर्ग लाव."

हेडफोनमध्ये योर्ग बोलू लागला.

"आता खालचं ऐक. बोलण्याच्या खालचं."

कबीर डोळे मिटून ऐकत राहिला. "ट्राम. मावशी, ती तर आमची रोजची कटकट आहे. स्टुडिओ रस्त्यावर आहे ना. ट्राम गेली की टेबलापर्यंत घरघर येते, पाण्याचा ग्लाससुद्धा वाजतो. योर्ग म्हणतो, ती आपली सही आहे, पुसू नकोस."

"आता ह्या मंगळवारचा निशिगंधाचा तास."

मी स्वतःला ऐकलं. मी दिवाळी अंकांबद्दल बोलत होते. माझ्या आवाजाखाली काहीच नव्हतं, नुसती स्वच्छ शांतता. मला आठवलं, त्या दिवशी मला स्टुडिओ कसा वेगळा, कापूस भरल्यासारखा वाटला होता, आणि का ते कळलं नव्हतं.

"आता काल सकाळचा योर्ग."

कबीरने बटण दाबलं. योर्गचा भारदस्त आवाज. गुटन मोर्गन, ड्रेस्डेन. आणि त्याच्याखाली, लांबून येत, वाढत, एक घरघर. मग ग्लासची बारीक किणकिण. मग घरघर उतरत गेली.

कबीरने हेडफोन काढले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्याने पुसलंही नाही.

"काल ट्राम नव्हती," तो म्हणाला.

"सोमवारपासून नाही," सासूबाई म्हणाल्या. "म्हणजे कालचा थेट कार्यक्रम सोमवारच्या आधी कधीतरी बोलून ठेवलेला होता. म्हणून फोन नाहीत. रेकॉर्डिंगला फोन घेता येत नाही. बाहेर लाल दिवा लावला की कोणी दार उघडत नाही हे त्याला पक्कं माहीत. ह्यावरून त्याने कॅसेट घेतली असं सिद्ध होत नाही, बरं का. एवढंच होतं, की तो स्टुडिओत असायलाच हवा होता असं नाही. पण ज्याने आपण कुठे होतो हे दाखवायला इतकी तयारी केली, त्याने काल काहीतरी करायचं आधीपासूनच ठरवलं होतं."

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"ती संग्रहालयाची बाई. तिला कॅसेट जपायची होती. चोरलेली कॅसेट संग्रहालयात मांडता येत नाही. कबीरला हवी असती तर तो रोजच तिच्याजवळ होता, प्रत काढून घेतली असती, कोणाला पत्ता लागला नसता. खानोलकरांची तर स्वतःचीच. नको म्हणाले असते की विषय संपला. सगळ्यांना ती कॅसेट ऐकायची होती. ऐकली जाऊ नये असं वाटणारा एकच माणूस होता."

"पण का? तो तर तिथे होता. प्रागर श्ट्रासवर."

"होता का?" सासूबाई म्हणाल्या. "त्याच्याशिवाय हे कोणाला माहीत आहे?"

मला एक माणूस आठवला. मी पद्माकरकाकांना फोन लावला.

६

काका आले, ऐकलं, आणि खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. खाली रिकामे रूळ उन्हात चमकत होते.

"नव्हता," ते शेवटी म्हणाले. "योर्ग नव्हता तिथे. त्याने शाळेत काय सांगितलं ते माझ्या कानावर यायचं. माझ्यासमोर मात्र कधी बोलला नाही. मी म्हटलं, सांगू दे. ह्या माणसाने ह्या शहराला रेडिओ दिला. माझ्या बायकोच्या आजारपणात रोज रात्री दवाखान्यात यायचा. एका संध्याकाळसाठी मी त्याला उघडं पाडू?"

"टेपवर काय बोललात त्याच्याबद्दल?"

"आठवत नाही हो. एवढ्या वर्षांत ऐकली कुठे मी ती? खूप काही बोललो. घाबरलो होतो."

योर्ग दुपारी आला. आम्ही चौघे स्टुडिओत बसलो होतो. त्याने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं आणि दार लावून घेतलं. सासूबाई मराठीत बोलत गेल्या आणि मी वाक्यामागून वाक्य जर्मन करत गेले. त्यांनी आवाज चढवला नाही. हेडफोन त्याच्या हातात दिले. त्याने ती घरघर ऐकली आणि डोळे मिटले.

"माझी सही," तो म्हणाला.

मग त्याने कोटाच्या आतल्या खिशातून रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली.

"कपाट फोडायच्या तयारीनेच खाली आलो होतो, पण खुंटीवरच्या जॅकेटात किल्ली मिळाली. कॅसेट फेकणार होतो. पुलावर दोनदा गेलो. फेकवेना. ह्यात त्या संध्याकाळी गाणारी माणसं आहेत." त्याचा तो मोठा आवाज कुठेतरी गेला होता. "मी खोलीत दार लावून बसलो होतो. पहिल्यांदा एका बाईने विचारलं, तुम्ही होतात ना तिथे? मी हो म्हणालो. पुढे प्रत्येक वर्षी ते हो थोडं मोठं होत गेलं."

तो कबीरकडे वळला. "ते एक वेळ माफ होईल. पण काल मी तुझ्या किल्ल्या घेतल्या. ते मी केलं, माहीत असताना."

 योर्गने जुडगा त्याच्यापुढे ठेवला.  कबीरने तो उचलला. "मी तुला काका म्हणायला लागलो होतो," तो म्हणाला. जर्मनमध्ये त्या शब्दाला ते वजन नाही, पण योर्गला पोचलं.

"कॅसेटवर काय आहे, वाजवू या का?" मी विचारलं.

"नाही," पद्माकरकाका म्हणाले. "अट होती. सगळ्यांनी एकदम."

"पण योर्ग—"

"योर्गसुद्धा. सगळ्यांबरोबर."

 योर्गने मान हलवली.

७

शनिवारी संध्याकाळी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. विद्यार्थी, म्हातारी जोडपी, व्हिएतनामी बायका, गाडी लांब लावून चालत आलेले आमचे इंजिनियर, डब्यातून चकल्या फिरवणाऱ्या मंडळातल्या बायका. कबीरने नवी गादी बसवली होती. फ्राऊ हार्टुंग त्याच्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी शुक्रवारी रात्रीच त्याला फोन करून माफी मागितली होती आणि आता त्याचा हात हलू नये म्हणून दिवा धरून उभ्या होत्या.

योर्गने माइक घेतला. थेट. कागद नव्हता.

"गुटन आबेंड. मी बरीच वर्षं तुम्हाला सांगत आलो, की मी त्या संध्याकाळी प्रागर श्ट्रासवर होतो. मी नव्हतो. मी घाबरलो होतो. ही कॅसेटही मीच लपवली, आणि आळ दुसऱ्यावर येऊ दिला. कबीर, त्याचं नाव सगळ्यांसमोर घेऊन सांगतो, त्याने काही केलं नाही. आता जे तिथे होते त्यांना ऐका."

अंगणात कोणी टाळी वाजवली नाही. कोणी हुर्यो उडवली नाही. सगळे नुसते उभे होते. मी दुसऱ्या माइकपाशी बसले, भाषांतरासाठी. 

टेप फिरू लागली. गर्दी. गाणारी बाई. मग ती कुजबुज, एल्बच्या काठावर, एवढ्या मोठ्या कर्ण्यांतून: "मी पद्माकर…"

ते नाव आलं. "योर्ग—"



"योर्ग आला नाही. हे मशीन त्याचं आहे. नवी बॅटरी त्यानेच घातली. म्हणाला, माझे पाय उचलत नाहीत रे, माझे कान घेऊन जा. पकडलं तर सांग, चोरून आणलं. मी म्हटलं, वेडा आहेस का. मशीनवर त्याचं नाव कोरलंय, ते मी चाकूने खरवडलं. योर्ग, तुझे कान इथे आहेत. ऐक, लोक गातायत."

मला ते जर्मनमध्ये सांगायचं होतं. मी सांगितलं. कसं, ते आठवत नाही. प्रताप म्हणतो, आवाज फाटला, पण एकही शब्द गळला नाही.

योर्ग कर्ण्याखाली उभा होता, दोन्ही हात तोंडावर. पद्माकरकाका गर्दीतून वाट काढत गेले आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. टेप चालूच होती. ढाली, पायांचे आवाज, कोणीतरी ओरडून बोलणी झाल्याचं सांगतंय, आणि तो तरुण मराठी मुलगा, आता कुजबुजणं विसरून, मोठ्याने: "बोलायला तयार झाले! बोलायला तयार झाले!"

मी भाषांतर करायच्या आधीच अंगण ओरडलं. त्या क्षणी तिथे कोणाला जर्मनची गरज नव्हती.

मी मागे वळून सासूबाईंकडे पाहिलं. त्या जिन्याच्या पायरीवर ताठ बसल्या होत्या, हात मांडीवर, डोळे मिटून, काम करत असल्यासारख्या. मंडळातल्या कोणीतरी मला विचारलं, त्या कोण? मी म्हणाले, "माझ्या सासूबाई." एवढे दोनच शब्द इतक्या ताठ मानेने मी पूर्वी कधी उच्चारले नव्हते.

मग फोन सुरू झाले. तिसरा की चौथा फोन शहराच्या टोकाला पिल्निट्झकडे राहणाऱ्या एका बाईंचा होता. कबीरने तो प्रसारणात घेतला.

"ती गाणारी बाई," त्या म्हणाल्या, "ती माझी आई. मी तो आवाज कुठेही ओळखेन. तिच्या आवाजाचं दुसरं काही आमच्याकडे उरलेलं नाही. परत लावाल का?"

"लावतो," कबीर म्हणाला. "आणि ऐका, मला थोडा वेळ द्या. ते मधलं मराठी बोलणं मी कमी करू शकतो. मग आईचा आवाज स्वच्छ येईल."



"नाही, नाही," त्या बाई म्हणाल्या. "त्याला हात लावू नका. तो बोलत होता, म्हणून तर ती राहिली."

कबीरने टेप मागे घेतली, आणि आम्ही ती पहिल्यापासून लावली.